अथ तावेर्नप्रवेशविधी

गोव्याला जाणारा मराठी माणूस दोन प्रकारचा असतो: मंगेशीला जातो असे घरी सांगून निघालेला, आणि खरोखरच मंगेशीला जाऊन आलेला. सदर मार्गदर्शन दोघांसाठीही आहे, कारण संध्याकाळी सात वाजता दोघेही तावेर्नाच्या, म्हणजे गावातल्या छोट्या बारच्या, एकाच बाकावर सापडतात.

प्रथम स्थलनिश्चिती. समुद्राकाठी कानठळ्या बसवणारे संगीत चालू असेल आणि वेटर 'हॅलो सर' म्हणत रस्त्यात आडवा येत असेल, तर ते तावेर्न नव्हे. ते खास आपल्यासाठी बांधलेले आहे, म्हणूनच टाळावे. खरे तावेर्न गावात, तिठ्याच्या किंवा चॅपेलच्या आसपास असते. बहुधा कुणाच्या तरी घराचीच पुढची खोली. चार बाके, बाटल्यांची फळी, भिंतीवर सायबिणीची, म्हणजे मेरीमातेची तसबीर, टीव्हीवर फुटबॉल. मारियो मिरांडांनी तावेर्नांची चित्रे काढून ठेवली आहेत, ती आधी नजरेखालून घालावीत. पणजीच्या जुन्या भागातले जोसेफ बार आता इतके प्रसिद्ध झाले आहे की निम्मी मंडळी ग्लास घेऊन रस्त्यावरच उभी असतात. अभ्यासाला हरकत नाही, पण परीक्षा गावातच द्यावी.

दुपारी एक ते चार तावेर्नाचे दार वाजवू नये. या वेळेत गोवा झोपतो. पुणेकरांना हे अधिक समजावून सांगायला नको.

नवख्याची खरी अडचण मानसिक असते. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि तो प्रकृतिस्वास्थ्यासाठी असतो अशी सरकारची समजूत आहे. म्हणून आपल्या बारला 'परमिट रूम' हे दवाखान्याला शोभणारे नाव, आणि म्हणूनच त्या काळ्या काचा, तो मिणमिणता उजेड. तो कायदा झाला तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते, आणि ते 1961 च्या डिसेंबरपर्यंत हलले नाहीत. त्यामुळे तावेर्नाचे दार उघडे असते, दिवा लख्ख असतो, समोरून पाद्री गेला तरी कुणी ग्लास टेबलाखाली घेत नाही. तोंडाला रुमाल बांधून आत शिरणारा माणूस इथे फक्त दरोडेखोर वाटतो.

आत गेल्यावर 'देव बरी सांज दिवं' म्हणावे आणि उभे राहावे. रिकामे दिसणारे प्रत्येक बाक रिकामे असतेच असे नाही. कोपऱ्यातली जागा गेली कित्येक वर्षे एकाच गृहस्थाची असते आणि ते यायचे असतात. मालक भुवईने जिथे दाखवेल तिथे बसावे.

आता मुख्य विधी. मार्च ते मे या काळात गेलात तर हुर्राक मागावी. काजूची बोंडे तुडवून निघालेला रस आंबवला आणि भट्टीवर चढवला की पहिल्या धारेची उतरते ती हुर्राक. ती सौम्य असते आणि टिकत नाही. लिमका, बर्फ, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून ती घेतात. मिरची चावून खायची नसते, हे प्रत्येक ग्रुपमधल्या एकाला सांगावे लागते. पाऊस सुरू झाल्यावर हुर्राक मागणे म्हणजे गणपतीत हापूस मागण्यासारखे आहे. हीच हुर्राक आंबवलेल्या रसात मिसळून पुन्हा ऊर्ध्वपातित केली की फेणी, आणि तिच्यात अल्कोहोल साधारण 42 टक्क्यांच्या घरात. माडाची फेणी वेगळी. ती माडीपासून होते, दक्षिण गोव्यात तिचे भक्त अधिक. पहिला घोट घेऊन नाक मुरडू नये आणि 'वास येतो हो' हे वाक्य तर अजिबात उच्चारू नये. वास येतो हे त्यांना ठाऊक आहे. 2009 साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेही त्या वासासकट.

खाण्याच्या बाबतीत आपले मूलभूत हक्क सीमेपलीकडे लागू नाहीत. चकणा म्हणून उकडलेले चणे आले तर आनंद मानावा, न आल्यास तक्रार करू नये, आणि 'आमच्या कोल्हापुरात तीन वाट्या फुकट देतात' असे ऐकवू तर मुळीच नये. 'व्हेजमध्ये काय आहे?' या प्रश्नाला मिरची आणि लिंबू हे प्रामाणिक उत्तर असू शकते. मांसाहारी मंडळींनी चोरीस-पाव घ्यावा: व्हिनेगर आणि लाल मिरचीत मुरवलेले डुकराचे मांस, बरेचदा त्यातही थोडी फेणी. संकष्टीला जाऊ नये, म्हणजे चंद्रोदयाची चौकशी करावी लागत नाही.

संभाषणाचे विषय ठरलेले आहेत: फुटबॉल, पाऊस, मासळीचे भाव, पंचायत. ऐकावे. बोलायचेच असेल तर सावकाश मराठीत बोलावे, सगळ्यांना कळते. उगाच हिंदी फाडू नये. एक वाक्य मात्र कायमचे निषिद्ध आहे: 'इथे प्लॉट कितीला पडेल?' ते उच्चारताच टीव्हीचा आवाज वाढतो आणि बर्फ संपतो. ही शिक्षा मला रास्त वाटते. ती खोली गावाची बैठक आहे, आपण पाहुणे आहोत, आणि पाहुण्याने यजमानाच्या घराची किंमत विचारायची नसते.

बिल मालकाच्या डोक्यात असते आणि ते बरोबर असते. मोबाइल काढून दरडोई भागाकार करायचा असेल तर बाहेर, आंब्याखाली करावा. गाडी अर्थातच न प्यालेल्याने चालवावी.

शेवटची सूचना परतीची. फेणी महाराष्ट्रात आणायला परवाना लागतो आणि इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. बाटली बॅगेत कपड्यांखाली दडवता येईल, वास दडवता येणार नाही. तेव्हा जी काय प्यायची ती तिथेच पिऊन या, आणि घरच्यांसाठी काजू आणा.