इंधनमापकाची जबानी

ज्या अहिल्यानगरात व्हीआरडीईसारखी संरक्षण खात्याची संस्था वाहनांची रीतसर परीक्षा घेते, तेथीलच मोटारमालकाने डॅशबोर्डावरील ॲव्हरेजचा आकडा वेदवाक्य मानावा, हा दैवदुर्विलासच! इमामपूर घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय निघाला, की इंधनाचा पुरवठा तुटतो आणि पडद्यावर लिटरला नव्याण्णव किलोमीटरांचे औदार्य झळकते. चढणीचा आकडा दिसू लागताच मालकास निसर्गसौंदर्य आठवते. वस्तुतः तो आकडा म्हणजे इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला, यावरून बांधलेला अदमास. त्याची रुजवात घालावयाची, तर टाकी काठोकाठ भरून, पुढे त्याच पंपावर पुनश्च तितकीच भरून, कापलेल्या अंतरास पावतीवरील लिटरांनी भागावे लागते. ही तसदी कोण घेतो? गाडी विकावयाची झाल्यास पडद्याचीच जबानी अधिक सोयीची. घेणाऱ्याने मात्र पंपाच्या पावत्या मागाव्यात.