व्हिसापुरता विमा

मराठी माणूस आता टूर कंपनीबरोबर परदेशी जात नाही. म्हणजे जातो, पण सांगत नाही. सांगायचं असतं ते असं : "आम्ही सगळं स्वतः बुक केलं." हे वाक्य आमच्या सोसायटीच्या खजिनदारांनी लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि एका तेराव्याच्या पंगतीतसुद्धा उच्चारलेलं आहे. पॅरिस, इंटरलाकन, रोम. नवरा, बायको आणि ऐंशीला टेकलेल्या आई. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस ही गुलामगिरी नाही. आल्प्सच्या पायथ्याशी श्रीखंड-पुरीची पंगत नाही. (वहिनींनी भाजणी, मेतकूट आणि घरचं तूप अशी एक बॅग वेगळी भरली आहे, पण तिच्याकडे नंतर येऊ.)

इंटरलाकनच्या हॉटेलसाठी खजिनदारांनी एक्सेल उघडलं होतं. खिडकीतून बर्फ दिसतो का, खोलीत किटली आहे का, स्टेशन चालत किती, आणि 'नाश्ता ठीकठाक' असं लिहून गेलेला गुजराती पाहुणा विश्वासार्ह वाटतो का, या सगळ्याला वेगवेगळे रकाने. विम्याला रकाना नव्हता. विम्याचा निर्णय चहाला उकळी येईपर्यंत झाला आणि त्याचा निकष एकच होता : सगळ्यात स्वस्त कुठला?

वास्तविक विमा त्यांच्यासमोर आधीच येऊन गेला होता. तिकीट काढताना शेवटच्या पानावर एक चौकट उगवते. ठळक अक्षरांत 'होय, माझा प्रवास सुरक्षित करा' आणि खाली फिकट अक्षरांत 'नको, मी असुरक्षितच राहीन'. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात गिऱ्हाइकाला लाजवून माल गळ्यात मारण्याचं उदाहरण म्हणून नेमकं हेच दिलं आहे : विमान तिकिटाबरोबर विमा न घेणाऱ्याच्या तोंडी घातलेलं 'मी असुरक्षित राहीन' हे वाक्य. प्राधिकरणाची काळजी रास्तच आहे, पण त्यांना आमचे खजिनदार माहीत नाहीत. सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या दुरुस्तीला 'नको' म्हणताना जे लाजले नाहीत, ते एका चौकटीला काय लाजणार?

विमा पुन्हा आठवला तो व्हिसाच्या कागदांची यादी हातात पडल्यावर. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो सगळ्या शेंगेन देशांत चालायला हवा आणि त्यात तातडीचे उपचार, रुग्णालय, आणि वेळ आलीच तर माणसाला किंवा त्याच्या पार्थिवाला मायदेशी पोचवण्याचा खर्च हवा. अट अर्थातच युरोपवाल्यांची. पाहुणा आजारी पडला तर त्याचं बिल आपल्या गळ्यात येऊ नये, एवढीच त्यांची माफक इच्छा. म्हणजे विमा खजिनदारांच्या रक्षणासाठी नाहीच. खजिनदारांपासून युरोपचं रक्षण व्हावं म्हणून आहे. आणि युरोपच्या रक्षणासाठी माणूस किती पैसे खर्च करणार?

ती पॉलिसी मी वाचायला मागितली. खजिनदार चकित झाले. पॉलिसी जोडायची असते, वाचायची कसली?

वाचनीय मात्र होती. गोल्फ खेळताना एकाच फटक्यात चेंडू थेट खळीत गेला, तर त्या आनंदात मित्रमंडळींना जे काही पाजावं लागेल त्याचा खर्च कंपनी ठरावीक मर्यादेपर्यंत देते. खोटं वाटेल, पण आपल्याकडच्या काही परदेश-प्रवास पॉलिसींत हे कलम खरोखर असतं. विमानाचं अपहरण झालं तर भत्ता मिळतो. खजिनदारांच्या आई गोल्फ खेळत नाहीत, आणि त्या ज्यात बसल्या आहेत ते विमान पळवण्याची कुणाची हिंमत होईलसं मला वाटत नाही. त्यांना रोममध्ये होण्यासारखी गोष्ट एकच, रक्तदाब वाढणं. त्या पानावर मात्र अक्षरं बारीक होती.

या पॉलिसीचा फॉर्म भरला गेला तेव्हा मी तिथंच होतो. 'आधीपासूनचे काही आजार?' असा प्रश्न आला.

"आई, तुला बीपी आहे ना?"

"होतं. आता गोळी घेते म्हणून नाही."

"आणि शुगर?"

"अरे, ती थोडीशीच आहे."

खजिनदारांनी दोन्हीकडे 'नाही' केलं. हप्ता वाढला नाही, आईंना बरं वाटलं. उद्या रोमच्या डॉक्टरनं केसपेपरवर 'बारा वर्षांपासून रक्तदाब' एवढं जरी लिहिलं, तरी दावा त्या एका ओळीवर आडवा होईल. बरं, खरं सांगितलं तरी सगळं सुरळीत होतंच असं नाही. बहुतेक पॉलिसी जुन्या आजाराला जिवावर बेतल्याशिवाय हात लावत नाहीत, आणि बेतलंच तर धोका टळेपर्यंतच. पहिल्या पानावर विम्याची रक्कम, ५०,००० डॉलर, जाड अक्षरांत असते. आतल्या तक्त्यात कित्येकदा साठीच्या आसपासच्या वयापुढे खोलीभाडं रोज इतकंच, शस्त्रक्रिया इतकीच, अतिदक्षता इतकीच अशी कात्री लागते. वर पहिले शंभर डॉलर आपल्याच खिशातून. म्हणजे आख्ख्या कुटुंबात ज्या एका माणसाला विम्याची गरज पडण्याची शक्यता, त्याच्यासाठीच तो सगळ्यात आखूड.

"आईंसाठी तेवढी वेगळी, चांगली पॉलिसी घ्या की," मी म्हटलं.

"तिघांची एकत्र स्वस्त पडते," खजिनदार म्हणाले.

त्या घरात शहाणा प्रश्न विचारला तो वहिनींनी. "अहो, रात्री दोनला आईंना काही झालं तर फोन कुणाला करायचा?" टूर कंपनीच्या सहलीत या प्रश्नाचं उत्तर टूर मॅनेजर असतं. तोच अँब्युलन्स बोलावतो, इटालियन नर्सशी हातवारे करतो, आणि सकाळी बाकीच्या चाळीस जणांना कलोसियमही दाखवतो. त्याला काढून टाकल्यावर त्याची पोकळी भरायला उरतो तो पॉलिसीवरचा मदतकेंद्राचा नंबर. खिशातले पैसे न मोजता उपचार व्हायला हवे असतील, तर रुग्णालयात दाखल होताच आधी तिथं फोन करावा लागतो. कंपनी निवडताना हा नंबर लावून पाहणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. खजिनदारांनी हॉटेलवाल्याला किटलीसाठी दोनदा ईमेल केला होता.

बॅगेचं थोडक्यात. बॅग उशिरा आली तर ठरावीक तासांनंतरच पैसे, तेही घेतलेल्या गरजेच्या वस्तूंची बिलं दाखवून. २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरायचं आणि आत काय होतं ते लिहून द्यायचं. भाजणीचं बिल आणणार कुठून? तुपाचा दावा तर करूच नये. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांच्या दुग्धजन्य पदार्थांना युरोपीय संघात बंदी आहे, त्यामुळे तो दावा कमी आणि कबुलीजबाब जास्त होईल.

विमानांची गोष्ट निराळी. स्वतः बुक करणारा तीन कंपन्यांची तीन स्वस्त तिकिटं जोडतो. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरं त्याची वाट पाहत नाही, कारण त्या दोघांची ओळखच नसते. शिवाय विमान कंपन्या बुडतात. जेट एअरवेजची उड्डाणं १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्टची ३ मे २०२३ ला. दोन्ही वेळी लोकांच्या हातात पक्की तिकिटं होती, आणि विमान कंपनीचं दिवाळं बऱ्याच पॉलिसींत अपवादांच्या यादीत बसलेलं असतं. एप्रिल २०१० मध्ये तर आइसलंडच्या ज्वालामुखीनं युरोपचं आकाश जवळपास आठवडाभर बंद पाडलं, आणि राख 'खराब हवामाना'त मोडते की नाही यावर विमा कंपन्यांचं एकमत होईना. उलट, युरोपीय संघातून निघालेलं विमान स्वतःच्या चुकीनं तीन तासांहून जास्त उशिरा पोचलं, तर त्या विमान कंपनीनंच अंतरानुसार २५० ते ६०० युरो द्यायचे असा तिथला नियम आहे. त्याला हप्ता लागत नाही, म्हणून त्याची चौकट कुठल्या पानावर उगवत नाही.

हे सगळं मी खजिनदारांना सांगितलं. इंटरलाकनला पॅराग्लायडिंग करणार असाल तर साहसी खेळांचं कलम वेगळं घ्यावं लागेल, हेही सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "व्हिसा आला."

"वा! मग आता पॉलिसी तिघांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा. एक प्रत आईंच्या पर्समध्येही."

"पॉलिसी व्हिसाच्या फायलीत आहे."

"आणि फाईल?"

"कपाटात. कुलूप लावून. तिथं कशाला न्यायची, हरवायची."

मला वाचलेल्या पॉलिसीची पानं आठवली. त्यात एक कलम होतं : प्रवासात असताना मागे घरी चोरी झाली, तर नुकसानभरपाई मिळेल. म्हणजे फाईल तेवढी पूर्ण सुरक्षित आहे.