पालथे छायाचित्रकार

पावसाळी भटकंतीच्या प्रत्येक गटात एक पालथा माणूस असतो. ‘चला, चला, पाऊस वाढतोय’ म्हणून म्होरक्या घसा कोरडा करत असतो आणि हा गृहस्थ भीमाशंकरच्या रानात कुजक्या ओंडक्यासमोर चिखलात पोट टेकून पडलेला असतो. छत्री उघडी, पण ती कॅमेऱ्यावर. दातांत लेन्सचं झाकण, पोटरीवर एक जळू निवांत जेवत बसलेली. कुणी लक्षात आणून दिलं तर तो ‘एक मिनिट’ म्हणतो, ते आपल्याला की जळूला, हे कळत नाही. समोर असतं करंगळीच्या नखाएवढं भूछत्र. गटात याला लोढणं समजतात. मला विचाराल तर निसर्गाचे फोटो काढणाऱ्या जमातीत विश्वास ठेवावा असा हा एकच इसम.

कारण तो ठामपणे काही सांगत नाही. पक्षीवाल्याला नुसतं शेपटीचं टोक दिसलं तरी नाव, नर की मादी, पाहुणा की रहिवासी, सगळं सांगून तो मोकळा. सालीम अलींच्या १९४१ सालच्या पुस्तकापासून त्या मंडळींची सोय झालेली आहे. भूछत्रवाला दोनशे फोटो काढून ‘मायसिना असेल बहुतेक’ एवढंच पुटपुटतो, आणि ते ‘बहुतेक’ शास्त्राला धरून असतं. बुरशीच्या सुमारे दीड लाख जातींची बारशी झाली आहेत, तर एकूण जाती २२ ते ३८ लाख असाव्यात, असा २०१७ सालचा एक अंदाज आहे. त्यात खरी ओळख वरून पटतच नाही. टोपीखालच्या पातळ पट्ट्या, देठावरचं कडं बघावं लागतं. बीजाणूंचा रंग कळायला टोपी कागदावर रात्रभर झाकून ठेवावी लागते. गवतात उगवणारं एक पांढरं, तपकिरी खवल्यांचं भूछत्र दिसायला अगदी जेवणाच्या ताटातलं. कागदावर त्याचा ठसा उमटतो हिरवट, आणि ते पोटात गेलं की ओकाऱ्या थांबत नाहीत. तो हिरवा ठसा एकदा बघितलेला माणूस पुढे छातीठोक बोलायचं सोडतो.

नावच ठाऊक नसेल तर फोटोचा उपयोग काय, असं कुणी म्हणेल. वस्तीवरच्या महादेव कोळी मावशी तर एका नजरेत ‘ही खायाची, ती न्हाई’ सांगतात. सांगतात खऱ्या, पण त्यांच्या नजरेत महिना, माती, झाड, वारूळ सगळं जमेला धरलेलं असतं. (वारुळावरची अळंबी नेमकी कुठे येते, हे मात्र त्या कुणालाही सांगायच्या नाहीत.) फोटोत एवढं मावत नाही हे आपल्या गृहस्थाला पटलेलं असतं, म्हणून ‘खाता येईल का हो?’ म्हटलं की तो कानांवर हात ठेवतो. भूछत्रं उपटल्याचा आरोप फुसका आहे. खरी बुरशी तंतूंच्या रूपात लाकडात नाहीतर मातीत पसरलेली असते. आंबा उतरवला म्हणून झाड मरत नाही. माती तुडवली जाते ते वाईट, पण ती चालणारे वीस जण तुडवतात, पडलेला एक नव्हे. रात्री उजळणाऱ्या बुरशीच्या बाबतीत मात्र तो दोषी. नजरेला जेमतेम जाणवणारा उजेड तो कॅमेरा अर्धा मिनिट उघडा ठेवून हिरवाकंच करतो, वर ठिकाणही जाहीर करतो. मग गाड्या भरून माणसं येतात आणि टॉर्च पाजळून ‘कुठाय, कुठाय?’ करतात.

राहिली दिरंगाई. भूछत्र काही पळून जात नाही, उद्या काढ की फोटो, असं म्हणणाऱ्यांनी शाईसारखं वितळणारं भूछत्र बघितलेलं नसतं. काही तासांत त्याचा काळा चिखल होतो. जाळीचा झगा ल्यालेलं दुसरं एक सकाळी दिमाखात उभं असतं आणि त्याच दिवशी मान टाकतं. तेव्हा एक मिनिटाची मागणी रास्तच. ते मिनिट चाळीस मिनिटांचं होतं आणि तेवढ्यात शेवटची एसटी निघून जाते, या तक्रारीपाशी मात्र मी त्याचं वकीलपत्र परत करतो.