ओपन, क्लोज आणि चाफा

वसईतल्या निर्मळच्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर सध्या खाणकाम चालू आहे. मोर्चा काढू नका, डंपर नाहीत की सुरुंग नाहीत. शेजारच्या काकूंचा धाकटा ओटीवर बसून 'डेटा मायनिंग' शिकतोय. बाजाराचे जुने आकडे खणायचे आणि त्यातून उद्याचा भाव वर काढायचा. फी पंचवीस हजार. म्हणजे चाफ्याच्या किती टोपल्या, हे काकू रोज ऐकवतात.

परवा त्याने मला 'बॅकटेस्ट' दाखवली. गेली पाच वर्षं त्याचा नियम पाळला असता, तर लाखाचे नऊ लाख झाले असते. मी विचारलं, "असे नियम किती लावून पाहिलेस?"

"तीनशे बारा."

तीनशे बारा पोरांना नाणं उडवायला लावलं, तर एखाद्याचा सलग सहा वेळा छापा पडतोच. त्याला कोणी क्लास काढून देत नाही, एवढंच.

अमेरिकेत डेव्हिड लाइनवेबर नावाच्या गृहस्थांनी ही गंमत मुद्दाम करून दाखवली. तिथला एस अँड पी 500 निर्देशांक कशाशी जुळतो हे शोधायला त्यांनी आकड्यांचा ढीग उपसला. सापडलं काय, तर बांगलादेशातलं लोणी. त्यात अमेरिकेतलं चीज आणि दोन्ही देशांतल्या मेंढ्या मिसळल्या, तर मेळ 99 टक्के! थट्टा होती हो. तरी पुढे लोक त्यांना लोण्याचे ताजे आकडे विचारत राहिले.

आपल्याकडे हे शास्त्र जुनंच. मटका सुरू झाला तोच मुळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने मुंबईत येणाऱ्या भावांवर. तारेचा आधार सुटला, तेव्हा साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आकडा काढायची सोय इथल्या इथेच केली. मग टपरीटपरीवर अभ्यासक बसू लागले. हातात जुन्या आकड्यांचा चार्ट, कानावर पेन्सिल, तोंडात ओपन, क्लोज, जोडी. 'मागल्या दिवाळीतही असंच आलं होतं' म्हणत त्यांनाही पॅटर्न सापडायचाच. धाकट्याच्या पडद्यावरही ओपन आहे, क्लोज आहे, चार्ट आहे. तेव्हा धाड पडायची, आता सर्टिफिकेट मिळतं.

बरं, यंत्राने आकडे खणणं खोटं आहे असं कोण म्हणतं? बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनेच सप्टेंबर 2024 मध्ये हिशेब मांडला. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तीन वर्षांत 93 टक्के किरकोळ खेळाडू बुडाले, एकूण 1.8 लाख कोटींहून जास्त घालवून. आणि 2023-24 मध्ये परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी इथे जो नफा काढला, त्यातला 97 टक्के संगणकाच्या अल्गोरिदमने काढलेला. तेव्हा खाण खरी आहे, सोनंही निघतं. फक्त ते निघतं धाकट्यासारख्यांच्या खिशातून. त्या संस्थांकडे एक्स्चेंजच्या शेजारी ठेवलेले सर्व्हर. याच्याकडे ओटीवरचा लॅपटॉप, वीज असेल तेव्हा.

काकूंकडेही डेटा आहे. त्या तो खणत नाहीत, लिहितात. पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात माल जातो, त्याचा रोजचा भाव एका तेलकट डायरीत. धाकट्याने हौसेने 2022 ते 24 च्या तीन डायऱ्या संगणकात भरल्या. यंत्र चमकलं. डिसेंबरच्या आसपास फुलांचा भाव नेमका गुरुवारी उसळतो, आणि निफ्टीच्या ऑप्शन्सची साप्ताहिक मुदत, म्हणजे एक्स्पायरीही, तेव्हा गुरुवारीच! पोराचे हात थरथरायला लागले. चाफा वधारला की काय विकायचं, याचा तीनशे तेरावा नियम तयार.

काकूंनी मान वर केली नाही. "मार्गशीर्ष," एवढंच म्हणाल्या.

काकू दर रविवारी होली क्रॉस चर्चमध्ये मिस्साला जातात. महालक्ष्मीच्या गुरुवारांच्या तारखा मात्र त्यांना आमच्या भटजींच्या आधी ठाऊक असतात. माल त्यावर ठरतो.

पुढे 1 सप्टेंबर 2025 पासून निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारवरून मंगळवारवर गेली. धाकटा दोन दिवस नीट जेवला नाही. सगळा नियम पुन्हा बसवायचा!

काकूंनी टोपलीवर ओलं फडकं टाकलं.

"मंगळवारी ना? मग जास्वंद जास्त ने रे. सिद्धिविनायकाचा वार."