भाव असेल तेवढंच

ओला कचरा हिरव्या डब्यात आणि सुका निळ्या डब्यात, हे जुहूकरांच्या डोक्यात उतरवायला महापालिकेने फलक लावले, पत्रकं वाटली, गाड्यांवर गाणी वाजवली. एवढा खटाटोप कशाला? जुहूत वर्गीकरण आधीपासूनच चोख आहे. फक्त ते रंगावर नाही, भावावर चालतं. ज्याला भाव येतो ते घरात राहतं. ज्याला येत नाही ते दाराबाहेर जातं, आणि एकदा दाराबाहेर गेलं की आपला त्याच्याशी काडीचा संबंध नसतो.

रद्दीची बडदास्त बघा. घरातल्या कुणी ती वाचली नसेल, पण घडी मोडू देत नाहीत. पाऊस आला की कपड्यांआधी रद्दी आत येते. काटा पक्का आहे ना, हे बघायला पाच कोटींच्या फ्लॅटची मालकीण स्वतः दारात उभी राहते. रद्दीवाला इंग्रजी पेपरला किलोमागे मराठीपेक्षा जास्त देतो. ‘उसका कागज अच्छा होता है,’ असं तो म्हणतो. मजकुराबद्दल त्याचं काही म्हणणं नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

पण खरा मान दुधाच्या पिशवीचा. दूध पातेल्यात ओतलं की पिशवीत घोटभर पाणी घालून खळबळायचं, तेही पातेल्यात. मग कडा कापून पिशवी उघडायची, धुवायची आणि ओट्यामागच्या टाइलवर चिकटवून द्यायची. वाळली की आपोआप गळून पडते. अशा पिशव्यांची चळत दाराच्या मुठीला लोंबणाऱ्या मोठ्या पिशवीत जमत जाते. मराठी स्वयंपाकघरांत हा कारखाना कित्येक वर्षं बिनबोभाट चालू आहे. त्याला कुणी अनुदान दिलं नाही की पुरस्कार. एकच खोट राहते: कात्रीने उडवलेला तो त्रिकोणी कोपरा. पिशवी किलोच्या भावाने जाते आणि कोपरा भाजीच्या देठांबरोबर ओल्या कचऱ्यात, तिथून थेट गुलाबाच्या खतात. कोपरा पुरता न कापता लोंबता ठेवला तर हा घोळ होत नाही. पण तेवढ्या तुकड्याला भाव कोण देणार?

सरकारला हे उशिरा सुचलं, पण सुचलं. 23 मार्च 2018च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान पन्नास पैसे परतीची किंमत छापायची, पिशवी दुकानात परत करायची आणि पैसे घ्यायचे, अशी सोय होती. कल्पना सोन्यासारखी. आता तुमच्या दूधवाल्याकडे रिकामी पिशवी नेऊन पन्नास पैसे मागून बघा. पन्नास पैशांचं नाणं कायद्याने आजही चालतं आणि जुहूत कुणी घेत नाही. योजनेचंही तेच झालं.

आता या भावाची दुसरी बाजू, म्हणजे भंगारवाला. बाटल्या घेतो, पुठ्ठा घेतो, लोखंड तर हसत घेतो. त्याच्यापुढे चिप्सची पाकिटं, शांपूच्या पुड्या, थर्माकोल ठेवा. ‘ये नहीं चलता, मॅडम.’ ज्या मॅडमपुढे नवरा, सेक्रेटरी आणि वॉर्ड ऑफिस यांपैकी कुणाचं काही चालत नाही, त्या या चार शब्दांवर गप्प होतात. भंगारवाल्याचा तरी काय दोष? पाकिटात प्लास्टिक आणि चंदेरी मुलामा असे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करायचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त. 2016च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांनी हे परत गोळा करायची जबाबदारी माल बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. जुन्या पाकिटासाठी कंपनी जुहूत कधी आलेली दिसली नाही. नवीन पाकीट मात्र दहा मिनिटांत दारात.

भाव असलेल्या वस्तूचाही भाव आपण पाडतोच. पुठ्ठ्यावर पनीरची ग्रेव्ही सांडली की तो पुठ्ठा उरत नाही. ‘स्त्री मुक्ती संघटने’ने ‘परिसर विकास’ या उपक्रमात कचरावेचक बायकांना संघटित केलं, प्रशिक्षण दिलं, ओळखपत्रं दिली. पण आपण एकत्र केलेलं वेगळं करायला अखेर त्यांचेच हात लागतात. पार्सलचा डबा टाकण्याआधी विसळायचा म्हटलं तर जुहूत पाणी वाया जातं. गाडी मात्र रोज धुतली जाते.

सॅनिटरी पॅड, डायपर, मुदत संपलेली औषधं घरोघरचीच, पण त्यांना भाव नाही. ती वेगळी गोळा करायची सेवा महापालिकेने 2025 मध्ये सुरू केली, तीही फुकट. सोसायटीने फक्त नाव नोंदवायचं. हे पालिकेचं खरोखर चांगलं काम आहे, आणि या सदरात असं वाक्य वरचेवर येत नाही, तेव्हा जपून ठेवा. त्यावर सोसायट्यांचं म्हणणं काय? कार्यकारिणीची सभा भरते. पार्किंगवर दोन तास जातात, आणि हा विषय आला की ‘पुढच्या सभेत बघू’. तो डबा कुणाच्या खिडकीखाली ठेवायचा, हे ठरेपर्यंत इमारत पुनर्विकासाला जाईल.

त्याच वर्षी पालिकेने कचऱ्याच्या शुल्काचा मसुदाही काढला. घर पन्नास चौरस मीटरपर्यंत असेल तर महिन्याला शंभर रुपये, तीनशेपर्यंत पाचशे, त्यावर हजार. म्हणजे शुल्क कचऱ्याचं, माप घराचं! घरात खत करणारी बाई आणि रोज चार पार्सलं मागवणारा शेजारी यांची पावती सारखीच येणार. हजार रुपयांत जुहूत दोघांची कॉफीसुद्धा धड होत नाही, तेव्हा त्या भीतीने कोण सुधारणार?

सरकारी परतावा योजना कागदावर राहिली तरी समुद्राची जोरात आहे. जे नाल्यात गेलं ते इर्ला नाल्याने समुद्रात जातं आणि पावसाळ्यात भरतीला चौपाटीवर परत येतं. पाकीट तेच, वर थोडं शेवाळ. मग पालिकेची यंत्रं ते उचलून गाडीत भरतात. म्हणजे जे एकदा दारातूनच उचलता आलं असतं, ते समुद्राची सहल करवून वाळूतून उचलायचं. खर्च अर्थातच तुमचा-आमचा.

माझं म्हणणं फार मोठं नाही. चिप्सच्या पाकिटावर दोन रुपये परतीचे छापा, आणि ते दुकानदाराने खरोखर द्यायला लावा. मग गुलमोहर रोडवर एक पाकीट शोधून दाखवा. जुहूत रद्दीचे पैसे कामवाल्या बाईचे की वॉचमनचे, यावर आधीच धुसफूस असते. पाकिटांवरून उघड भांडण जुंपेल. ते सोडवायला सेक्रेटरींना तातडीची सभा बोलवावी लागेल. पार्किंगचा विषय पुढच्या सभेत बघू.