छापील किमतीचे निष्ठावंत

बेळगाव-निपाणीकडच्या जुन्या पुस्तकांच्या गिऱ्हाइकाइतका तत्त्वनिष्ठ नागरिक सीमाभागात दुसरा नसेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण म्हैसूर राज्यात गेलो, हे त्याला आजतागायत मान्य नाही. १९५६ साली पुस्तकावर छापलेली किंमत मात्र पूर्णपणे मान्य आहे. ‘किंमत २ रुपये ८ आणे’ या ओळीवर तो बोट ठेवतो आणि ‘जुने पुस्तक अर्ध्या किमतीत’ या सनातन नियमानुसार १ रुपया ४ आणे देऊ करतो. पावली ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाल्याने वरचे ४ आणे दुकानदाराने सोडावेत, असा सामंजस्याचा तोडगाही तोच सुचवतो. त्याच्या दुसऱ्या हातात कुंद्याचा डबा असतो. त्यावर आण्यांतला भाव छापलेला नसल्याने तिथे घासाघीस उद्भवत नाही.

हे धोरण सर्वत्र लागू व्हावे. टिळकवाडीतले घर आजोबांच्या खरेदीखतातल्या आकड्याच्या निम्म्याने विकावे. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून प्रलंबित असलेल्या सीमादाव्याचीही मग तक्रार उरणार नाही. काळ पुढे सरकलाच नसेल, तर विलंब कसला?

परवा असाच एक निष्ठावंत माळ्यावरची पुस्तके विकायला घेऊन आला. वर तेच पुस्तक, तीच आवृत्ती. किमतीच्या ओळीवर अंगठा दाबून धरत तो म्हणाला, ‘‘दुर्मिळ आहे, मालक. हजाराच्या खाली जमायचं नाही.’’