वाड्यात इंडक्शन

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात इंडक्शन शेगडी आणणं सोपं. तिचं पोट भरणं अवघड. शेगडी 2000 वॉटची, म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर ओढणारी. भिंतीतलं सॉकेट 5 अँपिअरचं, आजोबांच्या रेडिओसाठी बसवलेलं. जोडीला गीझर लावला की फ्यूज उडतो आणि शेजारचे काका आनंदाने कळवतात, "आमची लाईट आहे हो!"

मग भांड्यांची परीक्षा. बुडाला लोहचुंबक चिकटला तर पास. रुखवतातली पितळी पातेली, ॲल्युमिनियमची कढई, सगळी नापास. काळा म्हणून माळ्यावर टाकलेला बिडाचा तवा तेवढा पहिल्या नंबरात! भरताचं वांगं मात्र जाळावाचून भाजत नाही. त्यामुळे 14.2 किलोचा लाल सिलिंडर ओट्याखाली आहेच, आणि पुढच्यासाठी नंबरही लावून ठेवलाय.